विमान क्षेत्रात पगार एवढे कमी का असतात? डिप्लोमानंतर एएमई करावं की हत्तरगीला नोकरी धरावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातलं गाव, मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, वय वीस. समोर तीन वाटा आहेत. बेंगळुरूला सहा लाख भरून एएमई (विमान देखभाल इंजिनिअर), बेळगावात वर्षभराचा ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’ कोर्स, नाहीतर हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, ट्रेनी. आणि कुठेही चौकशी केली तरी सुरुवातीचा पगार पंधरा-वीस हजारच ऐकू येतो, तो का?

मी देखभालीच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून तिथूनच सांगतो. दुरुस्ती किंवा तपासणी झाल्यावर विमान उडण्यायोग्य आहे अशी कागदावर सही लागते, तिला सीआरएस म्हणतात. ज्याला ती सही करण्याचा अधिकार आहे त्याला बरा पगार. त्याच्या हाताखाली चाक बदलणारा, तेल भरणारा, पॅनेल उघडून बंद करणारा मुलगा कितीही हुशार असला तरी कायद्याच्या नजरेत मदतनीस, आणि मदतनीस बाजारात भरपूर आहेत. बारावी किंवा डिप्लोमापासून त्या सहीपर्यंत पोचायला सगळं सुरळीत झालं तरी पाच वर्षं धरा. तुम्ही ऐकताय ते पगार या पाच वर्षांतले आहेत.

कंपन्यांची बाजूही समजून घ्या. इंधनच खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खातं, विमानांची भाडी डॉलरमध्ये आणि तिकिटाची स्पर्धा रुपयात. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दर वेळी लायसन्सवाले, अनुभवी लोक एकदम बाजारात आले आणि नवख्यांची रांग मागे सरकली. त्यात विमानाचं आकर्षण असं की कमी पैशात यायला तयार असलेले नेहमीच सापडतात.

आता एएमईचा हिशोब. डीजीसीए ही केंद्र सरकारची विमान वाहतुकीवर देखरेख करणारी संस्था, तिच्या सीएआर-६६ नियमांखाली लायसन्स मिळतं. तुमच्या कामाचे प्रकार दोन: बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानाचं यांत्रिक काम, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा). मेकॅनिकलवाल्याने बी१.१ धरावं. मान्यताप्राप्त संस्थेतला कोर्स २४०० तासांचा, म्हणजे दोन वर्षांचा. त्यानंतर चालू विमानांवर दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव. संस्थेत न जाता अनुभवाच्या जोरावर लायसन्स काढायचं तर तोच अनुभव पाच वर्षांचा लागतो, संबंधित तांत्रिक प्रशिक्षण झालेलं मान्य झालं तर तीन. पेपर डीजीसीए घेते, मॉड्यूलवार, आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. आपल्याकडे पस्तीस-चाळीसला पास व्हायची सवय असते, तिथे हा आकडा जड जातो. मॉड्यूल ११ (विमानाची रचना आणि यंत्रणा) आणि १५ (गॅस टर्बाइन इंजिन) यांत जास्त मुलं अडकतात, कारण दोन्हींचा अभ्यासक्रम अवाढव्य आहे. मॉड्यूल ७ (देखभालीच्या पद्धती) सोपं समजून शेवटी ठेवू नका. त्यात टॉर्क, रिव्हेट, केबल, मोजमापं असं हाताचं काम आहे, डिप्लोमावाल्याला ते पहिल्या फेरीत निघू शकतं.

हे सगळं झालं तरी हातात येतं ते बेसिक लायसन्स. मोठ्या प्रवासी विमानावर सही करायला त्या विमानाचं टाइप रेटिंग (त्याच मॉडेलसाठीची वेगळी पात्रता) हवं, मग ते ए३२० असो, ७३७ असो की एटीआर. टाइप कोर्सचे पैसे वेगळे, तेही लाखांत. कंपनीने तो करवला तर बाँड लिहून घेते. त्यावर पुन्हा कंपनीची स्वतःची मंजुरी. जाहिरातीतला ‘एएमईचा पगार’ या सगळ्या पायऱ्या चढलेल्याचा असतो, हे संस्थेतला कौन्सेलर सांगत नाही.

सगळ्यात जास्त मुलं जिथे फसतात ती जागा म्हणजे मधली दोन वर्षं. संस्था ‘ट्रेनिंग करवून देऊ’ म्हणते, पण चालू विमानं फक्त एअरलाइनकडे किंवा सीएआर-१४५ मान्यता असलेल्या देखभाल कंपनीकडे असतात. संस्थेच्या अंगणात उभ्या असलेल्या बंद विमानावरचा सराव हा अनुभव धरला जात नाही. म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. डीजीसीएच्या यादीत संस्थेची मान्यता कोणत्या कॅटेगरीसाठी आहे (बी१.१ ची असून बी२ ची नसते असं होतं), मागच्या दोन बॅचमधल्या किती मुलांना कोणत्या सीएआर-१४५ कंपनीत चालू विमानावर काम मिळालं, आणि त्या काळात स्टायपेंड मिळतो की उलट पैसे भरावे लागतात. उत्तर ‘आमचे सगळीकडे टाय-अप आहेत’ असं गोलमोल आलं तर उठून या.

काम मिळालं की लॉगबुक त्याच आठवड्यात भरा. तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, एटीए चॅप्टर म्हणजे विमानाच्या त्या यंत्रणेचा ठरलेला क्रमांक (३२ लँडिंग गिअर, २९ हायड्रॉलिक, २७ फ्लाइट कंट्रोल, ७२ इंजिन), काय काम केलं, आणि देखरेख करणाऱ्या लायसन्सधारकाची सही. सहा महिन्यांनी एकदम सह्या घेऊ म्हणणाऱ्यांचा इंजिनिअर तोवर आखातात गेलेला असतो. नुसती चाकं बदलून दोन वर्षं काढली तरी अर्ज अडतो, नोंदींत वेगवेगळे चॅप्टर दिसायला हवेत. त्यामुळे शिफ्ट इन्चार्जशी गोड बोलून बेस मेंटेनन्सच्या (हँगरमध्ये विमान उघडून होणाऱ्या कामाच्या) मोठ्या चेकवर नाव घालून घ्या. एका सी-चेकमध्ये, म्हणजे अशा मोठ्या तपासणीत, जेवढं उघडलेलं विमान बघायला मिळतं तेवढं लाइनवर (उड्डाणांच्या मधल्या रोजच्या देखभालीत) वर्षभरात मिळत नाही.

कर्जाचं गणित नीट बघा, कारण खरी कात्री तिथे आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. तुमचा कोर्स दोन वर्षांचा, अनुभव त्यापुढे दोन वर्षांचा. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा अनुभवाची निम्मी मुदत बाकी असेल आणि लायसन्स हातात नसेल. सहा लाखांवर साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता सुमारे ८,१०० रुपये बसतो. सवलतीच्या काळातलं व्याज भरलं नाही तर ते मुद्दलात मिळून हप्ता आणखी वाढतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागू नये अशी सरकारी हमीची योजना आहे, पण संस्था आणि कोर्स तिच्यात बसतात का हे बँकेच्या शाखेतच विचारा. बसत नसतील आणि घरचं शेत गहाण टाकायची भाषा निघाली, तर माझं मत स्पष्ट आहे: टाकू नका. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा देईल, बँकेचा हप्ता ठरल्या तारखेलाच जातो.

पगाराचा आकडाही उकलून बघा. समजा ऑफर लेटरवर वर्षाला ३,६०,००० लिहिलंय, म्हणजे महिना तीस हजार, आणि बेसिक १५,०००. त्यातले १,८०० कंपनीचा पीएफ, सुमारे ७२० ग्रॅच्युइटी, चार-पाचशे विमा. उरले सत्तावीस हजार. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात पंचवीस. बेंगळुरू विमानतळाजवळ देवनहळ्ळीच्या बाजूला खोली-जेवणाचे दहा, हप्त्याचे आठ, उरलेल्या सातात येणंजाणं, मोबाइल आणि घरी पाठवायचं. विमानं दिवसा उडतात म्हणून देखभाल बहुतेक रात्री चालते. नाइट शिफ्टचा भत्ता वेगळा आहे की तीस हजारांतच धरलाय हेही विचारा.

‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’च्या कोर्सबद्दल थोडक्यात: पैसे घालवू नका. चेक-इन काउंटर, रॅम्प (विमान उभं असतं ती जागा), बॅगेज यासाठी कंपन्या निवडीनंतर स्वतःच प्रशिक्षण देतात, सुरक्षा प्रशिक्षण आणि विमानतळाचा प्रवेश पासही नोकरी लागल्यावर कंपनीमार्फतच होतो. त्या खाजगी प्रमाणपत्राला नियमात कुठेही जागा नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला ग्राउंड हँडलिंगच्या भरतीला हजारोंची झुंबड उडाली होती, आणि त्यातल्या हँडीमनच्या (सामान चढवणं-उतरवणं करणाऱ्याच्या) जागेचा पगार साडेबावीस हजारांच्या आसपास होता, तोही मुदतीच्या करारावर. या कामात जायचंच असेल तर लाखाच्या कोर्सपेक्षा हेवी वाहनाचं लायसन्स काढा. रॅम्प ड्रायव्हरच्या जागेला ते खरोखर विचारतात. सांबऱ्यात (बेळगावच्या विमानतळावर) अशा जागा मोजक्याच, त्यामुळे गोव्याचं मोपा, बेंगळुरू, पुणे धरूनच चाला.

हत्तरगीची वाट मला तुमच्यासाठी सगळ्यात कमी लेखली गेलेली वाटते. पुणे-बेंगळुरू हायवेलगतच्या त्या एसईझेडमध्ये विमानाच्या भागांचं मशीनिंग, फोर्जिंग आणि पृष्ठभागावरच्या प्रक्रिया चालतात. सुरुवात कंटाळवाणी असते: पार्ट लोड करा, काढा, कडांची बर (उरलेला टोकदार धातू) काढा, मोजा. पगारही चमकदार नाही. पण घरून डबा घेऊन जाता येतं, म्हणजे बेंगळुरूचे दहा हजार वाचले, आणि डोक्यावर कर्ज नाही. ऑपरेटरवरून सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा), सेटरवरून प्रोग्रामर, अशी चढण आहे. मात्र ती आपोआप चढली जात नाही. जीडी अँड टी (ड्रॉइंगवर मापांची आणि आकाराची सूट दाखवणारी चिन्हांची भाषा) पक्कं करा, ड्रॉइंगवरची पोझिशन टॉलरन्स आणि डेटम (मोजायची आधाररेषा) बघून सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या मशीनवर, पार्ट कसा धरायचा हे सांगता आलं पाहिजे. पाच-अक्षी मशीनवर सेटिंग शिका. ॲल्युमिनियमच्या ७०७५ या मिश्रधातूचा आणि टायटॅनियमचा कटिंग स्पीड, कूलंट, टूलची झीज यांतला फरक हाताला कळू द्या. टायटॅनियम उष्णता बाहेर जाऊ देत नाही, ती टूलच्या टोकाशी साठते, म्हणून ॲल्युमिनियमच्या वेगाने गेलात तर इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) मिनिटांत जातो. दुसरी वाट गुणवत्तेची: फर्स्ट आर्टिकल (पहिल्या पार्टच्या) तपासणीचे कागद, एएस९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची पद्धत, एनडीटीची (पार्ट न मोडता तपासणीची) लेव्हल २. पेनिट्रंट तपासणीत (रंगीत द्रव लावून बारीक भेगा शोधण्यात) प्रमाणित झालेला माणूस मशीनवरच्या माणसापेक्षा दुर्मिळ असतो.

शिवाय हे कौशल्य विमानाला बांधलेलं नाही. उद्या विमानाच्या ऑर्डरी आटल्या तर बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छेतल्या हायड्रॉलिक आणि ऑटोच्या कारखान्यांत तेच हात चालतात. ए३२० वर सही करणाऱ्याला ही सोय नाही, त्याची किंमत त्या विमानाच्या आसपासच आहे. आखातात किंवा युरोपात जायचं म्हटलं तरी डीजीसीएचं लायसन्स तसंच्या तसं चालत नाही, तिथलं काढावं लागतं.

नोकरी करून पुढे शिकायचं असेल तर डीसीईटी (डिप्लोमावाल्यांसाठीची कर्नाटकची प्रवेश परीक्षा) देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण एरोनॉटिकलची डिग्री म्हणजे लायसन्स नव्हे, हा घोळ आपल्याकडे फार आहे. डिग्रीवाला डिझाइनकडे जातो, विमानावर सही करू शकत नाही.

वय बसतंय तर अग्निवीर वायू (हवाई दलातली चार वर्षांची भरती) हीही बघा, मेकॅनिकल डिप्लोमा चालतो. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले तीस टक्के निधीत जाऊन हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००. चार वर्षांनी सुमारे १०.०४ लाख सेवा निधी, आणि पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त पंचवीस टक्के. प्रशिक्षण सांबऱ्यालाच. एएमईच्या फीची सोय म्हणून बघितलं तर हा मार्ग वाईट नाही, फक्त वयाची खिडकी लहान असते. जाहिरातीतली जन्मतारखेची अट आजच वाचा.

पायलटचं तुम्ही विचारलं नाही, तरी घरचे काढतीलच. २०२१ मध्ये उड्डाण प्रशिक्षणासाठी निवडलेल्या पाच विमानतळांत बेळगाव होतं, म्हणून डोक्यावरून छोटी विमानं फिरताना दिसतात. त्याला २०० तासांचं उड्डाण, क्लास वन मेडिकल आणि एएमईच्या कितीतरी पट पैसा लागतो. ज्यांच्या घरी तो बाजूला ठेवलेला आहे त्यांचा तो खेळ आहे.

तुमच्या जागी मी डिप्लोमा संपताच हत्तरगीला रुजू होईन, दीड-दोन वर्षं पैसे साठवीन, आणि त्या काळात मॉड्यूल ७ आणि १५ चा अभ्यास चालू ठेवून बघीन की ७५ टक्क्यांची तयारी होते का. होत असेल आणि निम्मी फी स्वतःची जमली असेल, तर एएमईला जा.

आणि एक काम लगेच करा. आपल्याकडच्या एसएसएलसी (दहावीच्या) मार्क्स कार्डावर नाव बरेचदा इनिशियल लावून असतं, आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव सगळं असतं, पासपोर्टवर तिसरंच. डीजीसीएचा अर्ज आणि विमानतळाच्या पासची पोलीस पडताळणी, दोन्ही ठिकाणी हे अडतं आणि महिने जातात. मार्क्स कार्डावरचं नाव प्रमाण धरून आधार आणि पॅन त्याच्याशी जुळवून घ्या, पासपोर्ट त्यानंतर काढा.