नर्सिंगच्या आधीचे विज्ञान विषय: कोणता आधी, कोणता नंतर?

अमेरिकेत नर्सिंगच्या बऱ्याच कोर्सना थेट प्रवेश मिळत नाही. आधी केमिस्ट्री, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग (सगळे त्यांना ‘ए अँड पी’ म्हणतात) आणि मायक्रोबायॉलॉजी हे विषय लॅबसह पुरे करायचे. जोडीला इंग्लिश, सायकॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स असतातच. मग त्या ग्रेडच्या जोरावर अर्ज. या विषयांच्या क्रमाबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातल्या पाच प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : मी बी.कॉम. आहे, विज्ञान दहावीनंतर सुटलं. सध्या न्यू जर्सीत एडिसनला राहते, मुलं शाळेत जायला लागली. कॉलेजने ए अँड पी १ ला थेट बसायची परवानगी दिली आहे. एक सेमिस्टर वाचावं म्हणून त्याच्यासोबत मायक्रोही घेऊ का?

नका घेऊ. आणि शक्य असेल तर ए अँड पी १ सुद्धा एक सेमिस्टर पुढे ढकला, आधी केमिस्ट्री करा. कॉलेजने परवानगी दिली म्हणजे तुमची नोंदणी अडणार नाही, एवढाच तिचा अर्थ.

ए अँड पी १ मध्ये पेशी, ऊती, हाडं, स्नायू आणि मज्जासंस्था येते. शरीरातली २०६ हाडं पाहून विद्यार्थी दचकतात, पण पाठांतर आपल्याकडे शिकलेल्यांना जड जात नाही. गाडी अडते ती पेशीच्या आवरणापाशी. मज्जापेशी स्वस्थ असताना तिची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक टिकवायला एक पंप सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. आयन म्हणजे काय हेच धूसर झालं असेल तर हा धडा नुसत्या शब्दांचा ढीग वाटतो, आणि स्नायूचं आकुंचन, मज्जासंदेश हे पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. ए अँड पी २ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान कसा सांभाळतात ते शिकायचं असतं. बफरची (म्हणजे पीएच फारसा बदलू न देणाऱ्या द्रावणाची) ओळख केमिस्ट्रीत आधीच झाली असेल तर हा धडा एका संध्याकाळी समजतो. नसेल तर आठवडा जातो.

मायक्रो मागे ठेवायला सांगते त्याचं कारणही असंच आहे. शरीर जंतूंशी कसं लढतं हा मायक्रोचा मोठा भाग, आणि रोगप्रतिकारशक्तीची मूळ बैठक ए अँड पी २ मध्ये मिळते. दोन्ही जोडीने आले किंवा मायक्रो नंतर आलं, तर एकाच अभ्यासाचा दोनदा उपयोग होतो.

आता वेळेचा हिशेब करू. चार क्रेडिटच्या लॅब विषयाला आठवड्याचे साधारण सहा तास कॉलेजात जातात आणि घरचा अभ्यास आठ ते बारा तासांचा. असे दोन विषय एकदम घेतले तर आठवड्याचे तीस तास गेलेच म्हणून समजा. मुलांचा एक ताप, शाळेची एक सुट्टी, आणि ग्रेड खाली. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. चार विज्ञान विषयांत दोन ए आणि दोन बी असतील तर सरासरी ३.५ येते. त्यातल्या एका बीचा सी झाला की ३.२५. ज्या कॉलेजात जागा थोड्या आणि अर्ज भरपूर, तिथे एवढ्या फरकाने माणूस यादीबाहेर जातो. वाचवलेलं सेमिस्टर मग वर्षभर वाट बघण्यात जातं.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवते : फॉलमध्ये केमिस्ट्री आणि इंग्लिश, स्प्रिंगमध्ये ए अँड पी १ आणि सायकॉलॉजी, उन्हाळ्यात स्टॅटिस्टिक्स, पुढच्या फॉलमध्ये फक्त ए अँड पी २, आणि शेवटी मायक्रो. उन्हाळ्याच्या सहा-आठ आठवड्यांत लॅबचा विषय कोंबू नका, विशेषतः पहिलाच.

प्रश्न : पुण्यातून २०१४ मध्ये बी.फार्म. केलं. आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आहे. फिजिऑलॉजी, मायक्रो, केमिस्ट्री सगळं शिकले आहे. पुन्हा करावं लागेल?

बहुधा बरंचसं करावं लागेल, आणि हे ऐकून वाईट वाटणं मी समजू शकते. दोन अडचणी आहेत. एक, बऱ्याच नर्सिंग स्कूलमध्ये विज्ञान विषयांना मुदत असते, कुठे पाच वर्षं, कुठे सात. दुसरी, काही कॉलेजं परदेशातले विज्ञान विषय मुळातच धरत नाहीत. म्हणून आधी तुम्हाला जिथे अर्ज करायचा आहे अशा तीन-चार कॉलेजांना ईमेलने विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि मगच गुणपत्रिकांच्या मूल्यांकनाचे पैसे भरा. मूल्यांकन ‘नेसेस’ची (परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांची संघटना) सदस्य असलेल्या संस्थेकडूनच करून घ्या आणि प्रत्येक विषय सुटा दाखवणारं घ्या.

तुमची पदवी मात्र वाया जात नाही. कोणत्याही शाखेची पदवी असलेल्यांसाठी ‘ॲक्सेलरेटेड बीएसएन’, म्हणजे कमी वेळात होणारी नर्सिंगची पदवी, असतं. ते साधारण बारा ते अठरा महिन्यांचं असतं, आणि इतर सामान्य विषय पदवीमुळे अनेकदा माफ होतात.

क्रमाबद्दल सांगायचं तर तुमच्यासाठी मुदत हाच मुख्य मुद्दा. अर्जाच्या तारखेपासून मागे मोजत या. सायकॉलॉजी, इंग्लिश यांना सहसा मुदत नसते, ते कधीही उरका. विज्ञान अर्जाच्या जवळ ठेवा आणि मधे मोठा खंड पाडू नका. कॅलिफोर्नियात अनेक कॉलेजांत ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे दोन स्वतंत्र विषय आहेत. ॲनाटॉमी आधी करा. फिजिऑलॉजी तुम्हाला जुन्या ओळखीची वाटेल आणि तिथे ए मिळवणं तुमच्या हातात आहे. तुमच्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कोणत्या सरकारी विद्यापीठात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं.

प्रश्न : टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. पत्नी नर्सिंगची तयारी करते आहे. माझं प्रोजेक्ट सहा-आठ महिन्यांत कॅलिफोर्नियाला हलू शकतं. तिने ए अँड पी १ आता सुरू करावं का?

हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण एच-१बी वर असलेल्या कुटुंबांचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं आणि कोणीही आधी सावध करत नाही.

ए अँड पी १ आणि २ ही जोडी आहे. एकटा पहिला भाग घेऊन कॅलिफोर्नियात गेलं तर तो धड पूर्ण ॲनाटॉमी ठरत नाही, धड पूर्ण फिजिऑलॉजी ठरत नाही. दोन्ही नव्याने करायची वेळ येते. इतर राज्यांतही अनेक कॉलेजं दोन्ही भाग एकाच ठिकाणी केलेले मागतात, कारण कोणता धडा पहिल्या भागात आणि कोणता दुसऱ्यात, हे सगळीकडे सारखं नसतं. टेक्सासच्या आत हलणार असाल तर एवढी भीती नाही. तिथे सरकारी कॉलेजांत विषयांचे क्रमांक समान आहेत, ए अँड पीचे २४०१ आणि २४०२.

म्हणून वहिनींनी आता असे विषय घ्यावेत जे एकेकटे पूर्ण असतात आणि कुठेही नेता येतात : केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. केमिस्ट्री झाली असेल आणि कॉलेज परवानगी देत असेल तर मायक्रोही चालेल. वर मी मायक्रो शेवटी ठेवायला सांगितलं, पण तुमच्या परिस्थितीत उलटा क्रमच योग्य. ए अँड पी १ आधीच सुरू झालं असेल, तर जमेल तसं दुसरा भाग संपवूनच घर हलवा, त्यासाठी वहिनींना एक सेमिस्टर मागे राहावं लागलं तरी. दुसरा भाग ऑनलाइन घ्यायचा विचार असेल तर लॅबही ऑनलाइन आहे का ते बघा. ऑनलाइन लॅब न मानणारी नर्सिंग स्कूल्स आहेत. अर्ज करायचा त्या कॉलेजला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

एच-४ वर (एच-१बी असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकायला वर्क परमिट लागत नाही, अर्धवेळ शिकलं तरी चालतं. हे अनेकांना माहीत नसतं म्हणून लिहिते.

प्रश्न : ए अँड पी १ मध्ये सी आला. पास आहे. पुढे जाऊ की पुन्हा करू? आणि टीज ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा कधी देऊ?

आधी तुमच्या नर्सिंग स्कूलचा नियम वाचा. काही जागी विज्ञान विषय एकदाच पुन्हा करता येतो, काही जागी दोन्ही ग्रेडची सरासरी धरतात, काही जागी मधेच सोडलेला विषयही एक प्रयत्न मोजतात. पुन्हा केल्यावर नवीनच ग्रेड धरत असतील, तर ए अँड पी २ च्या आधी पहिला भाग पुन्हा करा. सी घेऊन दुसऱ्या भागात गेलेला विद्यार्थी तिथे मागच्याच उणिवा घेऊन बसतो. मात्र आधीचा पेपर काढून बघा, मार्क लॅबमध्ये गेले की लेखी परीक्षेत. लॅबमध्ये गेले असतील तर घरी आकृत्या पाहून भागणार नाही, कॉलेजच्या मोकळ्या वेळेत मॉडेल हातात घेऊन बसा.

टीज ए अँड पी २ संपल्यावर लगेच. २०९ मिनिटांत १७० प्रश्न असतात, त्यातले ५० विज्ञानाचे, आणि विज्ञानात सर्वांत मोठा वाटा शरीराच्याच अभ्यासाचा.

प्रश्न : सांगलीहून लिहिते आहे. बीएस्सी नर्सिंग केलं आहे, सिव्हिलमध्ये नोकरी झाली. तीन महिन्यांत लग्न होऊन न्यू जर्सीला जाईन. तिथल्या ओळखीच्या ताई म्हणाल्या, पहिल्यापासून ए अँड पी करावं लागेल. खरं का?

नाही. तुम्ही नर्स आहात. तुम्हाला हे विषय करायचे नाहीत, नर्सिंग स्कूलही नाही. तुमचा रस्ता म्हणजे ज्या राज्यात काम करायचं तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज, शिक्षणाचं मूल्यांकन (बहुतेक वेळा ट्रूमेरिट, म्हणजे पूर्वीची सीजीएफएनएस, या संस्थेकडून) आणि मग एनक्लेक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा. मूल्यांकनात एखाद्या विषयाचे किंवा वॉर्डातल्या कामाचे तास कमी भरले तर बोर्ड नेमकं तेवढंच मागू शकतं. नोकरीसाठी वर्क परमिट वेगळं लागेल, परवाना मिळाला म्हणजे ते मिळालं असं नाही.

तुमच्या बाबतीत क्रम कागदांचा आहे. गुणपत्रिका आणि नोंदणीचा दाखला तुमच्या हातून चालत नाही, कॉलेज किंवा विद्यापीठ आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांच्याकडून थेट जावा लागतो. अमेरिकेत बसून फोनवर हे करून घेणं फार जिकिरीचं होतं. तेव्हा खरेदीच्या गडबडीतून दोन दिवस काढा, कॉलेजात स्वतः जा, थिअरी आणि क्लिनिकलचे तास विषयवार लिहिलेली ट्रान्सक्रिप्ट मागा आणि तिच्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळवून बघा. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर हे सगळं माहेरच्या नावाने आधी मार्गी लावा आणि विवाह नोंदणी दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती सोबत ठेवा.