काउंटरमार्क असलेले ग्रीक नाणे ‘खराब’ समजावे का?

ग्रीक चांदीच्या नाण्यावर मागाहून ठोकलेला छोटा ठसा, म्हणजे काउंटरमार्क, असेल, तर ते बिघडलेले समजावे का आणि विकत घ्यावे का, असे आपण विचारले आहे. बिघडलेले मुळीच समजू नये.

माझ्या संग्रहात पॅम्फिलियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील, सिडे या नगराचे टेट्राड्राक्म, म्हणजे चार द्राख्मांचे चांदीचे नाणे, आहे. पुढच्या बाजूस शिरस्त्राण घातलेली अथेना ही ग्रीक देवी, मागे नाइकी ही विजयदेवता व डाळिंब, आणि अथेनाच्या चेहऱ्यालगत सिरियावर राज्य करणाऱ्या सेल्युकिड या ग्रीक घराण्याचे चिन्ह असलेला जहाजाचा नांगर खोल उमटलेला. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील हा ठसा म्हणजे त्या परक्या नाण्याला सेल्युकिड राज्यात मिळालेली मान्यता होय. सिडेच्याच इतर नाण्यांवर धनुष्याच्या भात्याचा ठसा व पर्गामोन, इफेसस, सार्डिस अशा नगरांची आद्याक्षरे आढळतात. एकाच नगराची चांदी किती दिशांनी फिरली, हे त्यावरून कळते.

एका प्रदर्शनात एका ज्येष्ठ संग्राहकांनी हे नाणे क्षणभर पाहून “मार खाल्लेला माल” म्हणत परत केले. थोड्याच वेळात त्याच गृहस्थांनी क्षहरात घराण्यातील क्षत्रप राजा नहपान याचे चांदीचे नाणे अभिमानाने दाखवले, ज्यावर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकली होती. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 मध्ये सापडलेल्या 13,000 हून अधिक नाण्यांपैकी 9,000 हून अधिक नाणी अशीच आहेत, आणि क्षहरातांच्या पराभवाचा पुरावा म्हणून आपण ती मिरवतो. मग सिडेच्या नांगराने काय घोडे मारले, असे मी विचारले, तेव्हा “ती आपली आहेत” एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही: सत्तेचा ठसा नाशिकला इतिहास ठरत असेल, तर तो सिरियातही इतिहासच ठरतो.

घेताना मात्र ठशाच्या नेमक्या मागची जागा भिंगातून पाहावी. खरा ठसा जोरात बसलेला असल्यास तेथील चित्र बहुधा चेपलेले असते. ठशाच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतील, तर नाणे ठशासकट साच्यात ओतलेले असण्याची शंका घ्यावी. चांदी पारखण्यासाठी छिन्नीने दिलेला छेद ही निराळी गोष्ट आहे. त्याने किंमत खरोखर उतरते. ठसा चेहऱ्याच्या मधोमध असेल, तर भावही थोडा कमी मिळतो, हे मान्य करायला हवे. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही, त्यामुळे पुढे परदेशी लिलावात विकण्याच्या हिशेबाने ते घेऊ नये.