बागेचे प्रश्न: आधी खुर्ची टाकून बसा

प्रश्न : घरामागे साधारण १५ बाय २० फुटांची जागा आहे. तीन वर्षं नर्सरीत जे आवडलं ते आणून लावत गेले, आता झाडं भरपूर आहेत पण बाग म्हणावी असं काही दिसत नाही. गुलाब फुलत नाही आणि जास्वंद एवढी माजलीये की तिच्याखाली काय लावलं होतं तेच आठवत नाही. सगळं काढून नव्याने करू का?

अजिबात काढू नका, आणि पुढचा महिनाभर नर्सरीच्या वाटेलाही जाऊ नका, एवढं आधी कबूल करा!

एक सुट्टीचा दिवस काढा, मागच्या दारात खुर्ची टाका आणि सकाळी ७ पासून दर दोन तासांनी एकाच जागेवरून मोबाइलवर फोटो काढा. संध्याकाळी ते ओळीने बघितले की कुठल्या कोपऱ्यात किती तास ऊन येतं ते आपोआप कळतं, त्याला कुठलं ॲप वगैरे लागत नाही. गुलाब, टोमॅटो, मिरची म्हणजे जे काही फुलणार-फळणार त्याला रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं, पालेभाज्या ३-४ तासांवर निभावतात. माझी खात्री आहे की तुमचा गुलाब जास्वंदीच्या सावलीत उभा असणार आणि तुम्ही त्याला खत घालून घालून दमला असणार. फक्त एक, हे फोटो त्या ऋतूपुरतेच खरे, थंडीत सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात, तेव्हा सहा महिन्यांनी परत एकदा बसा.

आता दुसरी गोष्ट बघा, तुम्ही चालता कुठून. कपडे वाळत घालायला, नळाकडे, कचरा टाकायला जाताना जिथली माती तुडवून गुळगुळीत झालीये तोच तुमचा रस्ता, त्याच्याशी भांडू नका. कागदावर कितीही सुंदर वळण काढलं तरी ओले कपडे हातात असले की माणूस सरळच जातो. मुख्य वाट ३ फूट ठेवा. वाफा दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर ४ फूट रुंद चालतो, पण भिंतीला लागून असेल तर २ फुटांच्या वर नको, नाहीतर तण काढायला वाफ्यात पाय द्यावा लागतो आणि भुसभुशीत केलेली माती परत दाबली जाते. कडा ठरवायला पाण्याचा पाइप जमिनीवर टाका, वरच्या खिडकीतून बघा, नाही आवडलं की सरकवा. दोन दिवस तसाच राहू दे, मग कुदळ हातात घ्या.

एवढं झालं की झाडं हलवायची. जास्वंद छाटा, आणि एकदम बुंध्यापर्यंत नको, एका वेळी झाडाचा तिसरा हिस्साच कापा, बाकीचा राहू द्या. गुलाब मातीच्या गड्ड्यासकट काढून उन्हात न्या, संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. जे झाड जिथे लावाल तिथे ते मोठं झाल्यावर केवढं पसरणार तेवढी दोरी जमिनीवर गोल फिरवून बघा. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मी स्वतः फाटकापासून दोन फुटांवर हातभर उंचीचं रोप लावलं होतं आणि नंतर कितीतरी वर्षं येणारा प्रत्येक पाहुणा वाकून आत यायचा.

प्रश्न : एका कोपऱ्यात पाणी साचतं, लावलेलं सगळं कुजतं. वाळू मिसळू का?

वाळू नको. चिकणमातीत थोडीशी वाळू घातली की ती मोकळी होण्याऐवजी विटेसारखी घट्ट बसते. आधी गच्चीचा पाइप त्याच कोपऱ्यात मोकळा होत नाहीये ना ते बघा, बरेचदा एवढंच असतं. तसं नसेल तर फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि पट्टी उभी धरून तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. एक-दोन इंच उतरलं तर ठीक, इंचापेक्षा कमी म्हणजे निचरा वाईट. मग तिथे ८-१० इंच उंच वाफा बांधा आणि दरवर्षी कंपोस्ट घालत रहा. एका वर्षात माती बदलत नाही, आधीच सांगते.

प्रश्न : कुंडीच्या तळाशी खडी घातली की पाणी चांगलं निथळतं ना?

नाही, उलट होतं! भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा, थेंब पडायचे थांबतील. आता तोच उभा करा, परत पाणी गळायला लागेल. कुंडीतली मातीसुद्धा तशीच, तळाशी थोडा थर कायम ओला राहतो आणि खडी घातली की तो ओला थर वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बाकी पूर्ण कुंडी मातीच. आणि जमलं तर पसरट कुंडीपेक्षा उंच घ्या, स्पंजाने दाखवलंच आहे.

प्रश्न : शेजारच्या मोठ्या झाडाची सावली आमच्याकडे पडते, तिथे लॉन दोनदा लावली, दोनदा गेली.

तिसऱ्यांदा लावू नका. तिथे सावलीही आहे आणि झाडाची मुळंही पाणी ओढतायत, गवताला दोन्हीकडून मार बसतोय. गळलेली पानंच २-३ इंच पसरा, खोड जवळ असेल तर त्याच्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडून. मधे मधे फर्न किंवा सावलीतली पानांची झाडं. वर मातीची भर मात्र घालू नका, झाडाची बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, ती गुदमरतात. बाक ठेवायचा असेल तर खड्डे न खणता सपाट दगडांवर ठेवा.