डीजेइंग आणि ईडीएम प्रॉडक्शन (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक बनवणं) एकाच वेळी शिकावं का? दोन ट्रॅकचे बीट आपोआप जुळवणारं सिंक बटण वापरलं तर चालेल का?

एकाच वेळी शिका, पण आधी काही आठवडे मिक्सिंगला जास्त वेळ द्या. ट्रॅक मिसळताना त्याचा सांगाडा आपोआप कानात बसतो आणि तोच पुढे स्वतःचा ट्रॅक बांधताना उपयोगी पडतो. हाउस, टेक्नो या शैलींमध्ये बहुतेक बदल १६ किंवा ३२ बीटच्या टप्प्यावर होतात. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ बीट) ३२ बीट म्हणजे बरोबर १५ सेकंद! पुढचा ट्रॅक या टप्प्याच्या मध्येच सोडलात, तर बीट जुळूनही मिक्स विस्कटलेलं वाटतं. सिंक बटण इथे वाचवत नाही.

सिंक वापरणं म्हणजे काही पाप नाही. पण एकदा तरी ते बंद करून, स्क्रीन झाकून, फक्त हेडफोनवर बीट जुळवायला शिका. सुरुवातीला दोन ट्रॅकच्या किक (ड्रमचे जड ठोके) घोडे दौडल्यासारख्या ऐकू येतील, तेव्हा पिच फेडर (ट्रॅकचा वेग बदलणारी सरकपट्टी) अगदी थोडा हलवा. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद असेल तर वेग ६ टक्के वाढवल्यावर सूर जवळपास एक सेमीटोन (अर्धा स्वर) चढतो, हे लक्षात असू द्या.

प्रॉडक्शनमध्ये सगळे अडकतात ते एकाच जागी: आठ बारचा (३२ बीटचा) पुन्हा पुन्हा वाजणारा झकास लूप, आणि पुढे काहीच नाही. (माझ्याकडे असे लूप ढिगाने पडून आहेत.) आवडता ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये टाका, इंट्रो, ब्रेकडाउन (ठोके थांबून शांत होणारा भाग), ड्रॉप (पूर्ण जोरात परतणारा भाग) कुठे येतात त्या खुणा करा आणि त्याच मापावर आपला लूप पसरवा. किक आणि बास एकमेकांना गिळत असतील तर साइडचेन कॉम्प्रेशन लावा, किक वाजताना बास क्षणभर दबतो. नवे प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायची जादा वाद्यं आणि इफेक्ट) नंतर बघू.