पंचविशीच्या आत नाव झाले नाही तर?

इलेक्ट्रॉनिक संगीतात डीजे आणि प्रोड्युसर (स्वतःचे ट्रॅक रचणारे) म्हणून उभी राहू पाहणारी मुले समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पैसा, जागरणे, घरचा विरोध या साऱ्यांच्या तळाशी बहुधा एकच धास्ती असते: पंचविशीच्या आत नाव झाले नाही, तर आपले संपले. पुण्यातला चोवीस वर्षांचा एक तरुण हीच धास्ती घेऊन आला होता. शनिवारी तो कोरेगाव पार्कातल्या क्लबमध्ये सेट वाजवी. स्वतःच्या रचना मात्र आठ बारच्या लूपपुढे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या तुकड्यापुढे, सरकत नसत. किकचा, म्हणजे तालातल्या मुख्य ठोक्याचा, तोच आवाज रात्रभर बदलत राहायचे आणि पहाटे फाइल बंद करायची.

“‘लेव्हल्स’ आला तेव्हा अविची बावीसचा होता, मॅडम,” हे त्याचे पालुपद ठरलेले. अविची हा स्वीडनचा डीजे आणि ‘लेव्हल्स’ हा त्याचा गाजलेला ट्रॅक.

एकदा मी विचारले, “हा ट्रॅक पूर्ण झाला आणि सामान्य निघाला, तर?”

“तर मीच सामान्य.”

“मी ट्रॅकविषयी विचारले होते.”

त्याने मान वर केली. “म्हणूनच मी तो संपवत नाही. अर्धवट ट्रॅकला कोणी नापास करू शकत नाही ना!”

कामाचे मोजमाप करावे, माणसाचे करू नये, हे मी माझ्या कामाचे मूळ सूत्र मानते. ते मी ऐकवण्याऐवजी त्याला स्वतःलाच सापडले, याचे मला आजही समाधान आहे.

त्यानंतर अविचीकडे आम्ही नीट पाहिले. जगभर नाव झालेल्या त्या कलावंताने २०१६ मध्ये थकून जाहीर कार्यक्रम थांबवले आणि २०१८ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मस्कतमध्ये त्याचा मृत्यू झाला. म्हणजे लवकर मिळालेले नाव मनाला स्वस्थता देतेच असे नाही. उलट आपल्याकडचा डीजे आणि प्रोड्युसर न्यूक्लिया, म्हणजे उद्यान सागर, अनेक वर्षे काम केल्यानंतर २०१५ मध्ये ‘बास रानी’ हा अल्बम घेऊन आला, तेव्हा तो पस्तिशीत होता.

ट्रॅक संपवण्याची तारीख आधी ठरवावी आणि त्या दिवशी तो जसा असेल तसा दोन जाणकारांना ऐकवावा, एवढेच आम्ही ठरवले. पहिला पूर्ण ट्रॅक ऐकवून तो म्हणाला, “ड्रॉप कमजोर झालाय. पुढच्यात बघतो.” (ड्रॉप म्हणजे ताण चढवत नेल्यावर ताल पूर्ण जोरात सुरू होतो ती जागा.)

पालकांनी “किती मिळाले?” याऐवजी “या महिन्यात काय पूर्ण केलेस?” असे विचारून पाहावे. मात्र झोप उडाली असेल किंवा दारूशिवाय डीजेच्या कन्सोलमागे उभे राहवत नसेल, तर करिअरची चर्चा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.