सरासरी झोपेतही काढणारा पोरगा पेपरात अडकला

पत्र थोडक्यात असं: "ताई, नणंदेने केलेल्या ग्रीन कार्डच्या फाइलवर दीड वर्षापूर्वी आम्ही साताऱ्याहून न्यूयॉर्कला आलो, क्वीन्समध्ये राहतो. मुलगा तिकडे मराठी मिडीयमला पहिल्या पाचात असायचा. इथे दहावीत आहे, रीजेन्ट्सला, म्हणजे इथल्या राज्याच्या परीक्षेला, बायोलॉजीत ४९ आणि अल्जेब्रात ५८ पडले, पासिंग ६५. म्हणाला, प्रश्नात 'मीन' काढा असं होतं आणि मी अर्थ शोधत बसलो. मित्रांशी फाडफाड इंग्लिश बोलतो, म्हणून हे म्हणतात की अभ्यासच करत नाही, आता घरात मराठी बंद. पोरगा जेवताना गप्प असतो. काय करू?"

अगं, पहिलं म्हणजे घरातली मराठी आज रात्रीच्या जेवणापासून परत चालू कर. सरासरी त्याला येते गं, फक्त सरासरीला इथे मीन म्हणतात हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तसंच टेबल म्हणजे कोष्टक, स्लोप म्हणजे चढ, हे सगळं त्याच्या डोक्यात मराठीत पक्कं बसलंय आणि तेच दार तुम्ही बंद केलंत. मिस्टरांना हे नीट सांग, की जिम कमिन्स म्हणून कॅनडातले अभ्यासक आहेत, त्यांनी कधीच दाखवून दिलंय की मित्रांशी बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते पण पुस्तकातली, पेपरातली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमच्या लेकाला दीडच झालंय! त्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे, मला वाचूनच वाईट वाटलं.

आता शाळेचं. ॲडमिशनच्या वेळी घरात कुठली भाषा बोलता असा फॉर्म भरून घेतात, तिथे काय लिहिलं होतंस ते आठव. बरेच जण घाबरून इंग्लिश लिहितात आणि मग पोराची भाषेची टेस्टच होत नाही, तसं झालं असेल तर आधी ते शाळेला सांग आणि आता काय करता येईल ते विचार. त्याला ईएनएलचा, म्हणजे इंग्लिश नव्याने शिकणाऱ्या मुलांचा, क्लास असेल तर रीजेन्ट्सला त्याला जास्तीचा वेळ मिळू शकतो आणि शब्दाला शब्द देणारी दोन भाषांची यादी वापरता येते, फक्त तिच्यात व्याख्या चालत नाहीत. आणि हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं, गणित-सायन्सचा पेपर स्पॅनिश, चायनीज अशा काही भाषांत छापील मिळतो, मराठीत नाही, पण ज्या भाषेत छापील नाही तिथे शाळा माणूस बसवून पेपर तोंडी भाषांतर करून देऊ शकते आणि मोठी उत्तरं मुलाने आपल्या भाषेत लिहिली तरी चालतात. इंग्लिशच्या पेपरला मात्र भाषांतर नाही. पण नववीत किंवा नंतर या देशात आलेल्या अशा मुलाला त्यात ५५ ते ५९ पडले तरी अपील करता येतं, हे लक्षात ठेव.

हे सगळं आपोआप होईल या भरवशावर राहू नकोस, मराठी समजणारा माणूस शोधायला शाळेला वेळ लागतो, आठवडाभर आधी सांगून काही होणार नाही. सोमवारी ईएनएल टीचर आणि गायडन्स काउन्सेलर दोघांना एकच ईमेल टाक, तोंडी नको, लेखीच. तुला बोलायला अवघड जात असेल तर मीटिंगला मराठी दुभाष्या माग, तो तुझा हक्क आहे आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

पेपर परत देता येतात, जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, जानेवारीत. न्यूयॉर्कमध्ये २१ वर्षांपर्यंत शाळेत शिकता येतं, म्हणजे वर्ष जास्त लागलं तरी आभाळ कोसळत नाही.

आणि एक वही आण. डावीकडे पेशी, उजवीकडे सेल. डावीकडे घातांक, उजवीकडे एक्स्पोनंट. डावी बाजू मिस्टरांना लिहायला सांग, रोज दहा शब्द, लेकाच्या शेजारी बसून.