पक्षिनिरीक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : हिवाळ्यात उजाडताच बाहेर पडतो. बुलबुल, दयाळ, तांबट भरपूर दिसतात, पण स्थलांतरित पक्षी काही सापडत नाहीत. काय चुकत असेल?

उत्तर : बहुधा तुम्ही फार चालता. हिवाळी पाहुणे फारसे गात नाहीत. एखादा त्रोटक आवाज देतात आणि पानांत दडून किडे टिपतात. त्यांना थेट शोधण्यापेक्षा आधी गलका करणारे रहिवासी गाठा. चष्मेवाला, सुभग, निखार, कोतवाल यांचा मिश्र थवा या झाडावरून त्या झाडावर सरकत असतो आणि हिरवट पर्णवटवट्या हा छोटा हिवाळी पाहुणा पुष्कळदा त्यातच मिसळलेला असतो. ‘चि-वी’ असा दोन तुकड्यांचा आवाज आला की तिथलीच पानं न्याहाळा. पंखावर एकच बारीक फिकट पट्टी दिसेल. थव्यामागे धावलात तर तो पुढेच राहतो. त्याची दिशा ओळखून वळसा घाला, पुढच्या झाडापाशी दहा मिनिटं निमूट उभे राहा.

जागा निवडताना ऊन बघा. पहिलं ऊन झाडांच्या पूर्वेकडच्या शेंड्यांवर पडतं, तिथले किडे आधी हलू लागतात, पक्षीही तिथेच जमतात. तुम्हीही झाडाच्या पूर्वेलाच, सूर्याकडे पाठ करून उभे राहा. पश्चिमेकडून बघाल तर नुसत्या काळ्या आकृत्या.

खालच्या फांद्या विसरू नका. लाल छातीचा माशीमार तिथे ‘टिर्र’ करत शेपटी वर उडवतो. मादीला लाल रंग नसतो, त्यामुळे छातीपेक्षा शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना असलेला पांढरा रंग पाहणं जास्त भरवशाचं.

प्रश्न : पाण्याकाठी शेपटी वर-खाली हलवत फिरणारे सगळे धोबी पक्षी स्थलांतरित असतात का?

उत्तर : नाही. काळं डोकं, काळी पाठ आणि ठसठशीत पांढरी भुवई असलेला मोठा धोबी बारमाही रहिवासी आहे. पांढऱ्या चेहऱ्याचा पांढरा धोबी मात्र पाहुणा. राखी पाठ, पिवळं पोट आणि खूप लांब शेपटी असेल तर करडा धोबी; तोही पाहुणाच, आणि लवकर येणाऱ्यांपैकी. झाडीतल्या वाटेवर धोब्यासारखा पक्षी शेपटी वर-खाली न करता डावी-उजवीकडे हलवताना दिसला, तर तो रानधोबी. छातीवर दोन काळे पट्टे आहेत का, तेवढं बघून घ्या.

प्रश्न : माझ्या ८×२१ दुर्बिणीतून पहाटे सगळं अंधुक दिसतं.

उत्तर : ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, आणि २१ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिमीमध्ये. २१ ला ८ ने भागा. डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम २.६ मिमी रुंद आहे, आणि अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली त्याहून बरीच मोठी उघडते. ८×४२ मध्ये तो झोत सव्वापाच मिमी होतो. १०×४२ चा मोह नको. हात थरथरतो आणि दृश्यक्षेत्रही सहसा लहान असतं. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेली दुर्बीण धुरकटते, म्हणून ती अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. चष्मा असेल तर नेत्रिकेच्या (डोळ्याजवळच्या भिंगाच्या) रबरी कडा खाली दुमडा.

प्रश्न : मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावले तर?

उत्तर : बोलावू नका, विणीच्या हंगामात तर मुळीच नको. हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असं समजून नर चारा शोधणं, घरटं राखणं सोडून त्या आवाजामागे लागतो.